खेळातली निषिद्ध विद्या आणि नाथांचा पंधरावा अध्याय

एकनाथी भागवताचे पारायण ज्यांनी केले आहे त्यांच्या डोळ्यांखालून पंधरावा अध्याय गेलेलाच असतो. पण तो बहुधा भरभर जातो. आधीच्या अध्यायात भक्तीचा महिमा, पुढच्यात विभूती, आणि मधे हा सिद्धींचा. उद्धव विचारतो, देवा, सिद्धी किती आणि कोणत्या धारणेने कोणती मिळते? भगवंत प्रश्न टाळत नाहीत. अठरा सिद्धी सांगतात, वर काही क्षुद्र सिद्धीही सांगतात. अणूएवढे होणे, दूरचे ऐकणे, हवे ते रूप घेणे, भुंगा फुलावरून फुलावर जावा तसे एक देह सोडून दुसऱ्या देहात शिरणे. नुसती नावे देऊन थांबत नाहीत, कसे मिळते तेही सांगतात. एवढे सगळे उघड करून मग म्हणतात की माझ्याकडे निघालेल्याला या सिद्धी म्हणजे विघ्ने आहेत, वेळ दवडण्याची निमित्ते आहेत. नाथमहाराजांनी १५७३ मध्ये काशीत ग्रंथ पुरा केला. श्लोकामागून श्लोक घेत त्यांनी हा अध्यायही मराठीत आणला. ही विद्या लोकांच्या हाती कशाला द्यावी, असे म्हणून तो झाकून ठेवला नाही.

हे आठवायला कारण झाले एका बापाचा प्रश्न. दिंद्रुडला सप्ताहात कीर्तन झाल्यावर एक गृहस्थ जवळ येऊन बसले. त्यांचा मुलगा पुण्याला शिकतो, सुटीत गावी आला की संगणकावर एक खेळ खेळतो. त्यात जादूच्या शाळेतला विद्यार्थी व्हायचे आणि जादू शिकायची. त्या जादूत तीन मंत्र असे आहेत की त्यांच्याच जगात ते निषिद्ध मानले आहेत; तरी खेळणाऱ्याला ते शिकता येतात, वापरता येतात. “महाराज, खेळ म्हणून का होईना, पोरानं असली विद्या हातात घ्यावी का?”

शहरातला वाचक या प्रश्नाला कदाचित हसेल. तुम्ही हसणार नाही, कारण आपल्या मराठवाड्यात भानामती हा शब्द गोष्टीतला नाही. गाईचे दूध आटले, पोर दुखण्याने अंथरुणाला खिळले, की बोट कोणाकडे तरी वळते, आणि बहुतेकदा ते एखाद्या एकट्या बाईकडे वळते. ज्या मातीत जादूच्या संशयावरून माणसाचे जगणे नकोसे केले जाते, तिथे जादूचा खेळ खेळावा का, असे बापाने विचारले तर तो भाबडेपणा नव्हे.

खेळाचे नाव ‘हॉगवर्ट्स लेगसी’. हॅरी पॉटरच्या कादंबऱ्यांच्या जगावर तो बेतलेला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आला. मी त्या मुलाच्या शेजारी बसून तो पाहिला. इंग्रजीत अशा खेळांना जे नाव आहे त्याचा अर्थ आपल्या भाषेत सरळ सांगायचा तर सोंगाचा खेळ: एक पात्र घ्यायचे, त्याला नाव-रूप द्यायचे आणि त्याच्या अंगाने जगायचे. ते तीन शाप असे: एकाने समोरच्याला असह्य वेदना होतात, दुसऱ्याने त्याचे मन आपल्या ताब्यात येते, तिसऱ्याने तो जागच्या जागी मरतो. मूळ कादंबरीत यातला एकही माणसावर वापरला तर जन्मठेप आहे. खेळात काय आहे? सेबॅस्टियन नावाचा एक सहाध्यायी ते शिकवायला तयार होतो. तुम्ही नको म्हणू शकता. पण एकदा शिकलात की पाहिजे तितक्या वेळा वापरा; खेळ त्याचा हिशेब ठेवत नाही. पाप-पुण्याची मोजणी करणारी यंत्रणाच त्यात नाही. माणसे मारून पात्र शाळेत परत येते आणि दुसऱ्या दिवसाचा तास नेहमीसारखा सुरू होतो.

पूर्वपक्ष असा: असले खेळ घरात नकोतच. हा पूर्वपक्ष नवा नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ निघाला. चारपाच जण एका टेबलाभोवती बसतात, कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, आणि एक जण गोष्ट पुढे नेतो. आजच्या सोंगाच्या खेळांचा मूळपुरुष तोच. पुढच्या दशकात तिथल्या धर्मनिष्ठ लोकांनी त्यावर ओरड केली की पोरे यातून चेटूक शिकतात. पोरे चेटूक शिकली नाहीत, कारण पुठ्ठ्याच्या पटावर ते शिकण्याजोगे काही नव्हतेच.

आणि सोंग नको म्हणणारे आपण कोण? नाथमहाराजांनी भारुडांत कोणाकोणाचे सोंग घेतले ते आठवा. जोशी, गोंधळी, कोल्हाटीण, फकीर, वेडी. भुताचे भारूड आहे, विंचवाचे आहे. आजही आपल्याकडे सोंगी भारुडात बापया लुगडे नेसून उभा राहतो, अंगात आल्यासारखा घुमतो, आणि मंडपातल्या बाया पदर तोंडाला लावून हसतात. मंडपात कोणी म्हणत नाही की महाराजांनी देवऋष्याचे सोंग घेतले म्हणजे देवऋषीपणाला मान्यता दिली. उलट विंचवाच्या भारुडात विष उतरवायची सगळी धांदल रंगवतात आणि उतारा सांगतात तो सत्त्वगुणाचा. विंचू म्हणजे काम-क्रोध, हे कळायच्या आत ऐकणाऱ्याला त्याची नांगी लागलेली असते. तुकोबारायांनी तर एका अभंगात प्रत्यक्ष पांडुरंगालाच भूत केले आहे, वाटसरूला धरले की न सोडणारे. ज्या भाषेने गावाला भय घातले तीच भाषा संतांनी हातात घेतली आणि तिच्यातले भय काढून टाकले. निषिद्धाला शिवायचेच नाही, अशी त्यांची रीत असती तर आपल्याकडे भारूड जन्मालाच आले नसते.

इथे देवऋषी आणि भारूडकार यांतला भेद नीट पाहायला हवा, कारण खेळाचा निवाडा त्यावरच होतो. भारूडकार सांगून सोंग घेतो. तो उभा राहतो तेव्हाच सर्वांना माहीत असते की हे आपल्याच गल्लीतले अमुक अण्णा आहेत, आणि लुगडे सोडले की ते चहाला आपल्या शेजारी बसणार आहेत. देवऋषी सोंग घेतो आणि ते सोंग आहे हे लपवतो. घात त्या लपवण्यात आहे. या कसोटीवर मुलाचा तो खेळ भारुडाच्या बाजूला बसतो. पडद्यावर जे चालले आहे ते खोटे आहे हे त्या मुलाला पुरते ठाऊक आहे. संगणक मिटला की मंत्र संपला. तेव्हा खेळणाऱ्याला निषिद्ध विद्या वापरू द्यावी का, याला माझे उत्तर आहे, द्यावी. भगवंतांनी उद्धवाला अठरा सिद्धी सांगाव्यात आणि आपण पोराला तीन खोटे शाप दाखवायला घाबरावे, हे काही जुळत नाही.

पण म्हणून तो खेळ चांगला झाला असे नव्हे. माझी तक्रार वेगळी आहे. पंधराव्या अध्यायात सिद्धीबरोबर तिची किंमतही आहे. ज्या मुखाने परकायाप्रवेश सांगितला त्याच मुखाने तो विघ्न आहे हे सांगितले. या खेळाने शक्ती दिली आणि किंमत गाळली. त्यामुळे निषिद्ध हा शब्दच पोकळ झाला. ज्याचा परिणाम काहीच नाही ते निषिद्ध कसले? ते नुसते जरा जोरकस हत्यार झाले. शाप वापरल्याने मूल बिघडेल हे भय मला वाटत नाही. शाप वापरूनही काहीच होत नाही हे त्याला कंटाळवाणे वाटू लागले, तर मात्र ती गोष्ट गोष्ट म्हणूनही फसली.

किंमत दाखवता येत नाही असे कोणी म्हणू नये. १९८५ मध्ये रिचर्ड गॅरियट या अमेरिकन माणसाने ‘अल्टिमा ४’ नावाचा खेळ केला. त्याच्या आधीच्या खेळांवर पालकांची पत्रे आली होती, असे तो सांगत असे. या नव्या खेळात मारायला कोणी मुख्य राक्षसच ठेवला नाही. आठ सद्गुण अंगी आणायचे, एवढेच ध्येय. वनस्पती विकणारी एक आंधळी बाई आहे. किती पैसे द्यायचे ते तुम्हीच ठरवायचे. कमी दिले तरी ती काही बोलत नाही. आत मात्र कुठेतरी नोंद होते, आणि पुढे एक द्रष्टा तुम्हाला तुमची खरी पायरी सांगतो. त्या खेळातही एक निषिद्ध वस्तू आहे, एका दुष्ट मांत्रिकाची कवटी. ती वापरली तर समोरचे सगळे मरतात, आणि तुम्ही साठवलेले सद्गुण धडाधड उतरतात. वापरायला मनाई नाही. तीच कवटी अथांग विवरात टाकून दिली तर मात्र पुण्य वाढते. त्या वेळचे संगणक आजच्या साध्या मोबाईलपेक्षाही कितीतरी अशक्त होते, तरी एवढे साधले. मग २०२३ च्या खेळाला जमले नाही असे म्हणता येत नाही. त्याने ते केले नाही.

त्या खेळाची एक बाजू मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. सेबॅस्टियनला एक बहीण आहे, तिला कोणाचा तरी शाप लागला आहे आणि तिच्या वेदना थांबत नाहीत. तिला बरे करण्यासाठी तो त्या काळ्या विद्येच्या मागे लागतो. हेतू प्रेमाचा, वाट निषिद्ध. वाटेवर तो इतका पुढे जातो की स्वतःच्या चुलत्याचा जीव घेतो. ज्या बहिणीसाठी हे केले तीच त्याच्यापासून तुटते. मग खेळणाऱ्याला ठरवायचे असते की या मित्राला शाळेच्या हवाली करायचे की गप्प बसायचे. तो मुलगा तिथे बराच वेळ थांबला होता. खेळणाऱ्याच्या स्वतःच्या शापांची किंमत खेळाने मोजली नाही, पण मित्राच्या शापाची मोजली. गृहस्थांना मी एवढेच सांगितले की, पोराला खेळू द्या, आणि तो मित्राचे काय करतो ते त्याला विचारा. नंतर त्या बापलेकांचे काय बोलणे झाले ते त्यांचे त्यांच्यात.

आता वाचक माउली, खेळाला दोष देऊन झाला. आपला मंडप राहिला. रेडा वेद बोलला, भिंत चालली, हे आपण कीर्तनात सांगतो, आणि सांगावे. पण कसे सांगतो? भिंत चालली म्हटले की पखवाज चढतो, टाळ्या पडतात, आणि समोर बसलेल्या पोराच्या मनात एवढेच उरते की आपल्या देवाची जादू त्यांच्या जादूपेक्षा भारी. चांगदेव वाघावर बसून, हातात सर्पाचा चाबूक घेऊन आले, ज्ञानोबारायांनी निर्जीव भिंत चालवली, चांगदेव हरले. इथेच कथा थांबवली तर ती त्या संगणकाच्या खेळापेक्षा वेगळी कुठे राहिली? तिथेही ज्याचा मंत्र मोठा तो जिंकतो.

परंपरेने कथा तिथे थांबवलेली नाही. भेटीच्या आधी चांगदेवांचे पत्र आले होते ते कोरे होते. चौदाशे वर्षे तप केलेला हा योगी, पण लहान ज्ञानदेवांना आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हेच त्याला ठरवता येईना. मुक्ताई म्हणाल्या, एवढे जगूनही हा कोराच राहिला. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानोबारायांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले. आणि चांगदेव शेवटी शिष्य झाले ते भिंत चालवणाऱ्याचे नव्हे, त्या धाकट्या बहिणीचे. कथेचे वजन कोऱ्या कागदावर आहे, आपण ते उचलून भिंतीवर ठेवतो. मुक्ताईंची पालखी दरवर्षी आपल्या बीड जिल्ह्यातून पंढरीला जाते. त्या वाटेवर तरी भिंतीआधी कागद सांगायला काय हरकत आहे?

हे नुसते कथनाचे दुखणे नाही. पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, आणि त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला. डिसेंबरात कायदा झाला. अमुक बाई करणी करते, मंत्राने गुरांचे दूध आटवते, अशी आवई उठवून तिचे जगणे कठीण करणे आता गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. त्या विधेयकाला वारकऱ्यांतूनही विरोध झाला होता, भीती ही की कीर्तनावर गदा येईल. ती आली नाही. वारी, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो कायदा लागू नाही, आणि होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगण्याला तर त्यात स्पष्ट मोकळीक आहे. म्हणजे भिंत कशी सांगायची हे सरकारने आपल्यावर सोडले. एखादा बुवा सकाळी चांगदेवांची फजिती सांगतो आणि दुपारी बंद खोलीत दुखणेकऱ्याला अंगारा देऊन पाकीट घेतो, तेव्हा ते सोंग लपवलेले असते. अशा बुवाचा मंडप आपण घालतो, वर्गणीही आपणच देतो.

पैठणच्या उजव्या कालव्याने गोदावरीचे पाणी माजलगावच्या धरणात येते. नाथांच्या गावचे पाणी आपल्या शिवारापर्यंत पोचले, त्यांचा पंधरावा अध्याय मात्र आपल्या मंडपात अजून नीट पोचायचा आहे. पुढच्या सप्ताहात दिंद्रुडला एक दिवसाची सेवा त्याच अध्यायावर घ्यायची, अठराही सिद्धी नावानिशी सांगायच्या आणि मग विघ्नाचा श्लोक लावायचा, असे मंडळींशी बोलणे झाले आहे. संध्याकाळी सोंगी भारूड आहे. देवऋष्याचे सोंग कोण घेणार, यावर अजून एकमत नाही. तिघांना ते हवे आहे.