रूळ ओलांडल्यावर

लुईस जे. रॉड्रिगेझ यांचे ‘ऑल्वेज रनिंग’ (१९९३) हे आत्मकथन मी पहिल्यांदा वाचले ते टोळीयुद्धाची हकीकत म्हणून. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्तीतला मुलगा, मारामाऱ्या, अमली पदार्थ, पोलीस. पेन्सिलीच्या खुणाही तिथेच केल्या होत्या. पुन्हा वाचताना जाणवले, खुणा चुकीच्या पानांवर आहेत.

सुरुवातीलाच एक साधा प्रसंग आहे. वॉट्समध्ये राहणारे दोन लहान भाऊ किराणा आणायला रेल्वेचे रूळ ओलांडून साउथ गेटला जातात. ती गोऱ्या कामगारांची वस्ती. तिथली पोरे त्यांना गाठतात, सामान रस्त्यावर सांडते, थोरला मार खातो. टोळी अजून दूर आहे. पहिली हिंसा मात्र घडून गेली आहे, केवळ रूळ ओलांडल्याबद्दल.

ही हद्द आपोआप पडलेली नव्हती. गोऱ्यांखेरीज कोणाला घर द्यायचे नाही, अशी अट खरेदीखतांत असे. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची न्यायालयीन अंमलबजावणी थांबवली. बॉइल हाइट्ससारख्या मिश्र वस्त्या सरकारी नकाशात कर्जाला धोकादायक म्हणून लाल रंगवल्या गेल्या होत्या. पुढे तिथूनच महामार्ग गेले. हेलेना मारिया विरामोन्तेस यांची ‘देअर डॉग्ज केम विथ देम’ (२००७) ही कादंबरी त्याच पाडापाडीची. तिच्यातही टोळी आहे, खून आहे. पण त्याआधी बुलडोझर येतात.

हिंसा या लोकांच्या रक्तातच असते, असे म्हणणाऱ्यांना समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन यांच्या शिकागोतील अभ्यासाने उत्तर दिले आहे: नव्याने आलेल्या स्थलांतरितांत हिंसा कमी, तिसऱ्या पिढीत जास्त. म्हणजे ती सामानाबरोबर आलेली नाही.

तरी रॉड्रिगेझ वस्तीला निर्दोष ठरवत नाहीत. टोळीतल्या मुलांनी मुलींवर केलेले अत्याचारही ते लिहितात. पण त्या मुलींच्या मनात ते शिरत नाहीत, ही उणीव मला खटकते. विरामोन्तेस यांची टर्टल, टोळीत मुलगा म्हणून वावरणारी मुलगी, ती काहीशी भरून काढते.

‘गावकुसाबाहेर’ हा शब्द जाणणाऱ्या मराठी वाचकाला हे कळायला जड जाऊ नये. कूस वेगळी, इतिहास वेगळा. तरी आधी कूस पाहावी, मग माणूस, ही सवय आपल्याला दलित साहित्याने लावली आहे. मीच ती पहिल्या वाचनात विसरलो होतो.

रॉड्रिगेझ यांनी हे पुस्तक लिहिले, कारण त्यांचा स्वतःचा मुलगा शिकागोत टोळीत शिरला होता. त्याला नुसते दोषी म्हणून भागत नव्हते, निर्दोष म्हणूनही नाही. त्याला नकाशा दाखवणे भाग होते.