क्रॅचिटांच्या घरचा नाताळ

गरिबाघरच्या नाताळाचे चित्र अनेक लेखकांनी रेखाटले आहे. परंतु त्या घरचा जमाखर्च वाचकांसमोर मांडणारे थोडेच. चार्ल्स डिकन्स हा त्यांपैकी एक. १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे ‘अ ख्रिसमस कॅरल’ हे छोटेखानी पुस्तक कंजूष स्क्रूजच्या हृदयपरिवर्तनाची कथा म्हणून ओळखले जाते. माझ्या मते त्याचे मर्म स्क्रूजच्या कारकुनाच्या, बॉब क्रॅचिटच्या, जेवणाच्या टेबलावर आहे.

बॉबचा आठवड्याचा पगार १५ शिलिंग. टेबलाभोवती माणसे आठ. गृहिणीचा झगा दोनदा उलटवून शिवलेला, पण त्यावर सहा पेनींच्या फिती मिरवताहेत. थोरल्या मुलाच्या गळ्याला बापाची कॉलर. घरात भट्टी नसल्याने हंस भाजायला बेकरीवाल्याकडे दिलेला. पुडिंग कपडे उकळायच्या हंड्यात शिजलेले, म्हणून त्याच्या वाफेला धुण्याच्या दिवसाचा वास. प्यायला दोन पेले आणि एक बिनकानाचा कप. हे तपशील दयेची याचना करीत नाहीत. वयाच्या बाराव्या वर्षी, १८२४ साली, वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात असताना डिकन्सने स्वतः बूटपॉलिशच्या कारखान्यात काम केले होते. गरिबी त्याने बाहेरून पाहिलेली नव्हती.

या प्रसंगात आनंद कोठून येतो? हंस लहान आहे. सफरचंदाची चटणी आणि कुस्करलेले बटाटे यांच्या जोरावर तो सर्वांना पुरवावा लागतो. पण आई रस्सा तापवते, पीटर बटाटे कुस्करतो, बेलिंडा चटणीत साखर घालते, मार्था ताटे पुसते, धाकटी दोघे खुर्च्या मांडतात आणि बॉब अपंग टिमला आपल्याजवळ बसवतो. सणात प्रत्येकाला काम आहे. ताटात काय आहे यापेक्षा ते ताट कोणाकोणाच्या हातून भरले, याकडे लेखक आपले लक्ष वेधतो.

एक वाक्य मात्र घाईने वाचू नये. पुडिंग साधल्यावर आई कबूल करते की पिठाच्या प्रमाणाविषयी तिच्या मनात धाकधूक होती. पुडिंग लहान आहे असे कोणी म्हणत नाही. ते मौन प्रेमाचे आहे, यात शंका नाही. परंतु सणाची सारी चिंता एकट्या आईने वाहिली, हेही त्याच मौनात दडले आहे. डिसेंबर उजाडला की आपल्या घरांतूनही हेच घडते. नवे कपडे, करंज्यांचे सामान, पाहुण्यांची सरबराई यांचा हिशेब एकच स्त्री रात्री जागून करते, आणि प्रसंगी उसनवारीही तिलाच करावी लागते.

येथे ओ. हेन्रीची १९०५ सालची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ ही कथा आठवते. डेलाजवळ १ डॉलर ८७ सेंट आहेत. ती आपले केस २० डॉलरला विकून नवऱ्याच्या घड्याळासाठी २१ डॉलरची साखळी घेते. तिकडे जिम घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे आणतो. त्याग थोर आहे, यात वाद नाही. पण कथेची कलाटणी दोघांनी एकमेकांपासून ठेवलेल्या गुपितावर उभी आहे, आणि जिमचा आठवड्याचा पगार अवघा २० डॉलर आहे. दोन माणसांच्या घरी हे शोभते. लेकरांच्या घरी असे गुपित पुढे कर्ज होऊन बसते. म्हणून कुटुंबाला क्रॅचिटांचे टेबल अधिक जवळचे वाटावे.

डिकन्सवर आक्षेप घेतला जातो, की अखेरीस तो श्रीमंताकडून भलीमोठी टर्की पाठवून प्रश्न मिटवतो. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. टर्की नाताळच्या दिवशी येते. दुसऱ्या दिवशी स्क्रूज बॉबचा पगार वाढवतो. दान एक जेवण देते, वर्षभराचा संसार न्याय्य वेतनावर चालतो, हा भेद लेखकाला ठाऊक आहे. शिवाय वाचकाच्या स्मरणात टर्की राहत नाही. राहतो तो लहानसा हंसच.

पुस्तकाची किंमत होती ५ शिलिंग, म्हणजे बॉबच्या आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा. ज्याची ही कथा, त्यालाच ती विकत घेणे जड! याचे उत्तर डिकन्सने पुढे स्वतःच दिले. १८५३च्या डिसेंबरात बर्मिंगहॅम येथे त्याने या कथेचे जाहीर वाचन केले, आणि त्यांतील एक वाचन कमी दरात खास कामगारांसाठी ठेवले.

लूकच्या शुभवर्तमानात योसेफ व मरिया मंदिरात गरिबांसाठी नेमलेले अर्पण, पक्ष्यांची जोडी, घेऊन जातात. त्यांनी ऐपतीपलीकडचे कोकरू उसने आणले नाही. आगमनकाळातील एका संध्याकाळी क्रॅचिटांचे हे प्रकरण घरात मोठ्याने वाचावे, आणि वाचन संपल्यावर सणाच्या खर्चाची वही मुलांसमोर उघडावी. पिठाची चिंता मग आईची एकटीची राहणार नाही.