चालकाविना मोटार : प्रश्न जबाबदारीचा

गेल्या हिवाळ्यात घनसावंगीतील एका माध्यमिक शाळेत वादविवाद स्पर्धेचे परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. विषय होता, 'चालकविरहित मोटारी भारतात याव्यात की येऊ नयेत?' मुलांची तयारी चांगली होती. अनुकूल बाजूने सांगितले, की यंत्राला झोप येत नाही, ते दारू पीत नाही, मोबाइलवर बोलत नाही. आणि ९४ टक्के अपघात तर माणसाच्याच चुकीने होतात. प्रतिकूल बाजूने लाखो चालकांच्या रोजीरोटीचा प्रश्न मांडला, आणि यंत्र ऐनवेळी बिघडले तर काय, असे विचारले. टाळ्या दोन्हीकडे सारख्याच पडल्या.

शेवटी श्रोत्यांतून नववीतील एक मुलगी उभी राहिली. तिने विचारले, "सर, तशी गाडी रात्री आमच्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली आणि ट्रॉलीवरच्या माणसांना लागलं, तर भरपाई कोण देणार?" व्यासपीठावर कोणाजवळच उत्तर नव्हते. आमच्याजवळही नव्हते. बक्षीस आम्ही अनुकूल बाजूला देऊन टाकले आणि परतीच्या वाटेला लागलो. आता वाटते, त्या दिवशीचा सर्वांत चांगला मुद्दा बक्षिसाविना राहिला. म्हणून हा लेख म्हणजे त्या वादविवादाचे जरा उशिरा केलेले परीक्षण आहे.

९४ टक्क्यांचे काय?

प्रथम अनुकूल बाजूचा आवडता आकडा तपासू. तो अमेरिकेतील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका टिपणातून आला आहे. २००५ ते २००७ या काळातील ५,४७० अपघातांचा तो अभ्यास होता. अपघाताआधीच्या घटनांची साखळी मांडून तिच्यातील शेवटची कडी कोणाकडे होती, हे त्यात पाहिले गेले. ९४ टक्के वेळा ती चालकाकडे होती. मात्र या कडीला अपघाताचे कारण समजू नये, असे त्या टिपणातच स्पष्ट लिहिले आहे. पुढे आकडा जगभर फिरला. इशारा मागेच राहिला.

शेवटची कडी आणि कारण यांतला फरक समजून घ्यायला अमेरिकेला जाण्याची गरज नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर घनसावंगी, अंबड भागात ऊस पिकतो. गळीत हंगामात रात्री ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून तो कारखान्याकडे जातो. ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला, उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या, रस्त्याची कड तुटलेली. अशा ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळली, तर कागदावर काय लिहिले जाते? 'भरधाव व निष्काळजीपणे वाहन चालवून.' मोटारसायकलवाला शेवटची कडी आहे, हे खरेच. पण त्याच्या जागी संगणक बसवला, तरी ट्रॉली अंधारातच राहणार आणि कडही तुटलेलीच राहणार. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यातील ९४ टक्के चालक बदलून वाचतील, असे मानणे हे गणित नव्हे.

दिसणे आणि ओळखणे

तरीही यंत्राच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे, आणि तो नववीच्या गतीच्या समीकरणांतूनच निघतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत माणसाला दीड सेकंद लागतो असे धरू. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. ऋण त्वरण ६ मीटर प्रति सेकंद वर्ग धरले, तर पुढे थांबायला २३ मीटर लागतात. एकूण ४८ मीटर. यंत्राला प्रतिक्रियेसाठी ०.३ सेकंद दिला, तर एकूण अंतर २८ मीटर होते. या वीस मीटरमध्ये एखाद्याचा जीव वाचू शकतो. शिवाय रडार आणि लिडार यांना अंधारातही दिसते.

पण 'दिसणे' पुरेसे असते का? १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टेंपी या गावी, उबर कंपनीची चाचणी गाडी ताशी सुमारे ७० किलोमीटरने जात होती. सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला तिने धडक दिली आणि ती महिला मरण पावली. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत आढळले, की गाडीच्या संवेदकांना ती महिला धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती. या वेगाने ५.६ सेकंदांत गाडी सुमारे १०९ मीटर जाते. वरच्याच हिशेबाने थांबायला ३७ मीटर पुरले असते. म्हणजे गाडीजवळ गरजेच्या जवळपास तिप्पट अंतर होते!

मग चुकले कुठे? संगणक त्या आकृतीला कधी वाहन म्हणत होता, कधी सायकल, कधी 'इतर वस्तू'. प्रत्येक वेळी नाव बदलले, की तिच्या पुढच्या मार्गाचा अंदाजही नव्याने सुरू होई. पादचारी ओलांडण्याच्या ठरावीक पट्ट्याखेरीज इतरत्र रस्ता ओलांडेल, ही शक्यताच प्रणालीत धरलेली नव्हती. जी शक्यता टेंपीच्या गाडीला शिकवली नव्हती, ती आमच्याकडे दर शंभर पावलांवर घडते. उसाची जोडट्रॉली, बैलगाडी, मेंढ्यांचा कळप आणि उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल यांना हा संगणक काय नाव देईल, हे आमच्या रस्त्यावर तपासल्याशिवाय कळणार नाही.

आणि किती तपासायचे? याचे उत्तर संख्याशास्त्रात आहे. एखादी दुर्मिळ घटना अमुक दरापेक्षा कमी वेळा घडते, हे ९५ टक्के खात्रीने सांगायचे असेल, तर ती एकदाही न घडता साधारण त्या दराच्या व्यस्ताच्या तिप्पट निरीक्षणे हवीत. अमेरिकेत २०१३ मध्ये दहा कोटी मैलांमागे सुमारे १.०९ मृत्यू झाले होते. तेव्हा यंत्र माणसाइतके तरी सुरक्षित आहे हे दाखवण्यासाठी एकही मृत्यू न होता २७.५ कोटी मैल, म्हणजे सुमारे ४४ कोटी किलोमीटर, चालवून दाखवावे लागेल. रँड या संस्थेने २०१६ मध्ये हा हिशेब मांडला. शंभर गाड्या अहोरात्र ताशी २५ मैलांनी चालवल्या, तरी त्याला साडेबारा वर्षे लागतात.

वेमो कंपनीच्या संशोधकांनी जानेवारी २०२५ पर्यंतच्या ५.६७ कोटी मैलांचा हिशेब प्रसिद्ध केला आहे, आणि त्यात जखमींचे प्रमाण माणसाने चालवलेल्या गाड्यांपेक्षा बरेच कमी दिसते. हा पुरावा दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण तो अमेरिकेच्या मोजक्या शहरांतला आहे, आणि कंपनीनेच दिलेला आहे. या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवूनच तो वाचला पाहिजे.

'येऊ देणार नाही' म्हणून भागेल का?

आता प्रतिकूल बाजूकडे वळू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये, आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील कार्यक्रमात, चालकांचे रोजगार जातील म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही, असे सांगितले. रोजगाराची काळजी रास्त आहे. पण या भूमिकेने सुरक्षिततेचा आणि जबाबदारीचा प्रश्न सुटत नाही, कारण गाडी अर्धी आत आलेलीच आहे. पट्टा सोडू न देणाऱ्या, पुढच्या वाहनापासून अंतर राखणाऱ्या आणि स्वतः ब्रेक लावणाऱ्या मोटारी आज भारतात विकल्या जातात. स्वयंचलनाच्या शून्य ते पाच या पायऱ्यांतली ही दुसरी पायरी. येथे काम यंत्र करते आणि लक्ष माणसाने ठेवायचे असते.

आमच्या मते हीच पायरी जास्त अवघड आहे. तासन्‌तास काही न करता सावध बसणे माणसाला जमत नाही. परीक्षेच्या वर्गावर पर्यवेक्षण केलेल्या प्रत्येक शिक्षकाला हे पटेल. टेंपीच्या गाडीतही देखरेखीला एक व्यक्ती बसलेली होती, आणि तिचे लक्ष मोबाइलकडे होते. पुढे काय झाले पाहा. कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही, असे सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये ठरवले. देखरेख करणाऱ्या व्यक्तीने २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षे परिवीक्षेची शिक्षा झाली. गाडीचा स्वतःचा आपत्कालीन ब्रेक चाचणीच्या वेळी बंद ठेवण्याचा निर्णय तिचा नव्हता. पण शेवटची कडी तीच होती. ९४ टक्क्यांच्या आकड्यातली चूक न्यायाच्या दारातही होते, ती अशी.

साताऱ्याचा टँकर

मग चालकच नसेल, तर कायदा हात टेकतो का? येथे आपल्याच राज्यातील एक जुने प्रकरण उपयोगी पडते. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे सातारा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ वर पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याबाहेर जाऊन कलंडला आणि पेट्रोल गळू लागले. सुमारे चार तासांनी स्फोट झाला. जवळ जमलेले लोक भाजले, काही दगावले. स्फोटाच्या वेळी टँकर कोणीही चालवत नव्हते. तेव्हा हा मृत्यू 'मोटार वाहनाच्या वापरातून' झाला म्हणायचा का, असा वाद उभा राहिला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने होकारार्थी उत्तर दिले. वाहन धावत नसले, तरी ते 'वापरात' असू शकते. आणि दोष कोणाचा याचा निकाल लागण्यापूर्वीच मृताच्या घरच्यांना कायद्याने ठरलेली रक्कम मिळाली पाहिजे. तेव्हा ती रक्कम १५ हजार रुपये होती.

आज मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार ही रक्कम मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आहे. ती वाहनाच्या मालकाने किंवा विमा कंपनीने द्यायची असते, आणि निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या कायद्यात आहे. भरपाईचा धागा चालकाला बांधलेला नसून वाहनाला बांधलेला आहे.

राहिलेले अर्धे उत्तर मात्र कठीण आहे. यापेक्षा जास्त भरपाई हवी असेल, तर सर्वसाधारणपणे दोष दाखवावा लागतो. चालकाचा दोष साक्षीदार सांगू शकतो. संगणकाने ट्रॉलीला 'इतर वस्तू' म्हटले, हे कोण सांगणार? त्याची नोंद कंपनीजवळ. ऊसतोड मजुराने ती कोठून मिळवायची? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाबद्दल उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूद आहे. पण पुराव्यावाचून तीही कागदावरच राहील. आणखी एक साधी गोष्ट पाहा. कलम १३४ जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे कर्तव्य चालकावर टाकते. गाडीत कोणीच नसेल, तर रात्री अकरा वाजता जखमीला उचलायचे कोणी? याउलट, २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम २ ख केंद्र सरकारला संशोधनासाठी काही वाहनांना या कायद्यातून सूट देण्याची मुभा देते. सूट देताना या कर्तव्यांनाही सूट मिळणार की ती दुसऱ्या कोणावर सोपवली जाणार, हा खरा वादाचा मुद्दा आहे.

इतरांनी यावर विचार केला आहे. ब्रिटनने २०१८ च्या कायद्यात असे ठरवले, की गाडी स्वतः चालत असताना अपघात झाला, तर विमा कंपनीने जखमीला आधी पैसे द्यावेत आणि मग उत्पादकाशी भांडत बसावे. जर्मनीने २०१७ मध्ये गाडीचा ताबा केव्हा माणसाकडे होता आणि केव्हा यंत्राकडे, याची नोंद ठेवणे बंधनकारक केले. या दोन तरतुदी आपल्याकडे आणायला गाड्या येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. दुसऱ्या पायरीच्या गाड्यांसाठी त्या आजच हव्यात, आणि नोंद न्यायाधिकरणाला व जखमीच्या वकिलाला मिळण्याचा हक्कही त्यांच्या जोडीने हवा.

तेव्हा त्या मुलीला आमचे उत्तर असे : आजच्या कायद्याने ठरावीक रक्कम गाडीचा मालक किंवा त्याची विमा कंपनी देईल, त्यापुढच्या हक्काची भरपाई मिळेल की नाही, हे मात्र गाडीतली नोंद कोणाच्या हाती आहे यावर ठरेल.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. हाच विषय वर्गात घ्यायचा झाला, तर 'याव्यात की येऊ नयेत' असा घेऊ नका. गावाजवळ झालेला एखादा अपघात घ्या, नावे गाळा, आणि मुलांना त्याची साखळी फळ्यावर मांडायला सांगा : रस्ता, दिवा, रिफ्लेक्टर, वेग, ब्रेक, चालक, दवाखान्याचे अंतर. मग एकेक कडी काढून पाहा, अपघात टळतो का. आणि प्रत्येक कडी कोणाच्या ताब्यात होती, हेही विचारा. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावायला संगणक लागत नाही, हे मुलांच्याच लक्षात येईल. पुढच्या वेळी परीक्षक म्हणून बोलावणे आले, तर आम्ही बक्षीस असा प्रश्न विचारणाऱ्याला देऊ.