गालिचाचें प्रमाण आणि घोंगडीची उपेक्षा

ऐतिहासिक कागद हातीं आला असतां त्याचें मोडी वळण, शिक्का, मिती व कागदाची जात यांची छाननी झाल्यावांचून कोणीहि संशोधक तो मान्य करीत नाहीं. ही शिस्त दक्षिण महाराष्ट्रास नवी नव्हे. वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस शिक्षकाचा पेशा सांभाळून पटवर्धनी दप्तरांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. साताऱ्यास रावबहादुर पारसनीस यांनीं जमविलेला संग्रह १९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत गेला, आणि आजहि तो अभ्यासकांच्या उपयोगी पडतो. परंतु याच सातारा-सांगलीकडील वाड्यांतून एखादा जुना गालिचा बाहेर पडला, कीं आमच्या संग्राहकांची छाननी एकाएकीं विश्रांति घेते. विकणाऱ्यानें ‘आदिलशाही’ म्हटलें कीं आदिलशाही, ‘शाहूकालीन’ म्हटलें कीं शाहूकालीन! या प्रघाताची चिकित्सा करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. गालिचा म्हणजे ताण्याच्या धाग्यांवर लोकरीच्या गांठी मारून वर लव काढलेलें वस्त्र. सतरंजीस लव नसते. ती ताण्याबाण्याची सपाट वीण होय. जाजम हें तर बहुधा छापील सुती कापड. मराठी दरबाराच्या अठरा कारखान्यांपैकीं फरासखान्याकडे तंबू-कनातींबरोबर ही सर्व बिछाईत असे. पुण्यांत तें नांव अद्यापि चालू आहे. सबब जुन्या यादींत ‘बिछाईत’ एवढाच शब्द असेल, तर त्यावरून हातांतला गालिचा तोच, असें अनुमान निघत नाहीं. साताऱ्याचें राज्य १८४८ सालीं खालसा झालें. राजवाड्यांतील म्हणून दाखविल्या जाणाऱ्या वस्तूस त्यापूर्वींच्या यादीचा आधार दाखवावा, त्यांत लांबी-रुंदी व रंग जुळवावे, आणि मगच नांव द्यावें.

आतां ‘आदिलशाही’ या विशेषणाकडे वळूं. विजापूरच्या आसार महालांत जुने मोलाचे गालिचे होते, आणि गोल घुमटाजवळील वस्तुसंग्रहालयामुळें ते लोकांच्या परिचयाचे झाले, हें खरें. परंतु येरवड्याच्या तुरुंगांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गालिचे विणले जाऊं लागले, व त्यांत आसार महालांतील नमुन्यांच्या नकला मुद्दाम करविल्या गेल्या, हेंहि तितकेंच खरें. अर्थात् नक्षी विजापुरी असली म्हणजे गालिचा विजापूरच्या बादशाहींतला ठरत नाहीं. सातारा व सांगली हे प्रांत विजापूर आणि पुणें यांच्या मधोमध पडतात. तेव्हां येथें अस्सल व नक्कल दोन्ही येण्याचा संभव आहे, आणि म्हणूनच येथील संग्राहकानें अधिक सावध असावें.

बेळगांव येथें १८३२ त जन्मलेल्या जॉर्ज बर्डवुड यानें आपल्या १८८० च्या ग्रंथांत तुरुंगांतील स्वस्त मालानें हिंदी कारागिरांचा धंदा बुडविला अशी तक्रार केली आहे. ती तक्रार आम्हांस रास्त वाटते. तथापि ज्या कैद्यांनीं तो माल विणला, त्यांचे हातहि आतां इतिहासजमा झाले आहेत. येरवड्याच्या गालिचास येरवड्याचा म्हणण्यांत कमीपणा नाहीं. त्यास खोटें कुळ चिकटविण्यांत मात्र त्या विणकरांस दुसऱ्यांदा कोंडण्याचें पाप आहे.

परीक्षेचीं साधनें उपलब्ध आहेत. पर्किन यानें १८५६ त पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला; मंजिष्ठेंतील तांबडें रंगद्रव्य १८६९ च्या सुमारास कृत्रिम रीतीनें होऊं लागलें; कृत्रिम नीळ १८९७ त बाजारांत आली. ज्या मूळ धाग्यांत असा रंग सांपडेल, तो त्या सालापूर्वींचा असणें शक्य नाहीं. मात्र तो धागा मागाहून केलेल्या रफूचा नाहीं, याची खात्री करून घ्यावी. याची उलट बाजू सिद्ध होत नाहीं. वनस्पतिज रंग आहे म्हणून वस्तु जुनी, हा शुद्ध हेत्वाभास होय. विणीची परीक्षा किती दूर नेते, याचें उदाहरण जपानांत आहे. क्योतो येथील गिओन उत्सवाच्या रथांवरील कांहीं जुने गालिचे विसाव्या शतकाच्या अखेरीस तपासले गेले व दख्खनी ठरले. दर्यापार गेलेल्या वस्तूचें कुळ तिच्या धाग्यांनीं सांगितलें. मग आमच्या माजघरांतील वस्तूचें तिचे धागे कां सांगणार नाहींत?

पण ते सांगण्यास धागे शिल्लक पाहिजेत. हल्लीं दिवाणखान्याच्या भिंतीवर चौकट शोभावी म्हणून जुने गालिचे कापतात, आणि पहिला घाव दशांवर व किनारीवर पडतो. ताण्याचा धागा सुती कीं लोकरी, किती पदरी, कोणत्या पिळाचा, हें सर्व तेथेंच उघडें दिसतें. पोथीची पुष्पिका फाडून उरलेलीं पानें शोभेस लावण्यासारखाच हा प्रकार आहे. पोथीच्या बाबतींत तो आमच्यांतील कोणीहि सहन करणार नाहीं.

याहून मोठी उणीव निराळीच आहे. दरबारी गालिचाच्या मागें लागलेल्या संग्राहकास माण, खटाव, आटपाडी व जत या तालुक्यांचें स्वतःचें विणकाम दिसतच नाहीं. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची आखूड, राठ, काळी लोकर. बायकांनीं हातीं कांतलेलें सूत. त्यास चिंचोक्यांची खळ. आणि सणगराच्या खड्ड्याच्या मागावरील वीण, अशी घोंगडीची घडण आहे. अमरकोशांत रल्लक व कंबल हे पर्याय आहेत. कौटिल्यानें तर कोशांत घेण्याच्या रत्नांची परीक्षा सांगतांना त्याच अध्यायांत मेंढीच्या लोकरीच्या वस्त्रांचे प्रकार दिले असून, तुकडे जोडून केलेल्या वस्त्रास ‘खण्डसंघात्य’ अशी संज्ञा योजिली आहे. दोन पट्टे मध्यें शिवून केलेली घोंगडी पाहिली म्हणजे ती संज्ञा डोळ्यांपुढें उभी राहते. अर्थशास्त्रकारानें जें रत्नांच्या पंक्तीस बसविलें, तें आम्हीं अडगळींत टाकलें आहे.

ही उपेक्षा आतां परवडणारी नाहीं. जत तालुक्यांतील माडग्याळी मेंढी मांसासाठीं नांवाजलेली आहे, आणि मेंढपाळाचें उत्पन्नहि आज लोकरीपेक्षां मांसावरच अधिक चालतें. गिऱ्हाईक नसल्यामुळें कातरलेली लोकर कित्येकदां टाकून द्यावी लागते. माग बंद पडत आहेत. उद्यां संग्रहालयास जुनी घोंगडी मिळेलहि. पण तिची वीण समजावून सांगणारा सणगर मिळेलच असें नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति एवढीच, कीं वस्त्र गालिचा असो वा घोंगडी, दशा व किनार कापूं नये. तें कोणत्या घरांतून व केव्हां आलें हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. ताणा, बाणा, गांठ व रंग यांची नोंद करावी. आणि काळाविषयीं प्रमाण नसेल, तर काळाचा रकाना कोरा सोडावा. कोरा रकाना पुढचा अभ्यासक भरूं शकतो. खोटा भरलेला मात्र त्यास आधीं खोडावा लागतो.