कुलवृत्तांतातील आई : इटालियन स्थलांतरितांच्या तीन संहिता

कुलवृत्तांत या लेखनप्रकाराचे गृहीतक मराठी अभ्यासकाला परिचित आहे. मूळ पुरुषापासून वंशाची मांडणी होते. स्त्री येते ती कोणाची कन्या किंवा कोणाची पत्नी म्हणून. आई हा दोन पुरुषांमधला दुवा असतो, आरंभबिंदू नसतो. इटलीतून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांविषयीच्या साहित्याने हे गृहीतक उलटे केल्याचे प्रथमदर्शनी वाटते, कारण त्यातील अनेक महत्त्वाच्या संहितांच्या केंद्रस्थानी आईच आहे. परंतु केंद्रस्थानी असणे आणि निवेदनावर अधिकार असणे या दोन भिन्न गोष्टी होत. स्थलांतरित आईची हकिकत वाचकापर्यंत पोहोचते ती बहुधा दुसऱ्याच्या हातून. या मध्यस्थीकडे समीक्षेने कसे पाहावे, हा येथील प्रश्न आहे.

१८८० ते १९२० या चार दशकांत सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत दाखल झाले. त्यांत दक्षिणेकडील शेतमजुरांचे प्रमाण मोठे होते आणि अक्षरओळख नसलेल्यांची संख्याही लक्षणीय होती. १९१७ च्या अमेरिकन कायद्याने सोळा वर्षांवरील स्थलांतरितांसाठी साक्षरतेची अट घातली. मात्र प्रवेशास पात्र ठरलेल्या पुरुषाची पत्नी, आई आणि आजी यांना तीतून वगळले. आईला अक्षर येणे आवश्यक नाही, हे कायद्याने जणू मान्यच केले होते. साहित्यव्यवहारातही तिच्या वाट्याला अशीच सवलत आली. तिने सांगावे, लिहावे मात्र इतरांनी.

‘रोझा : द लाइफ ऑफ अ‍ॅन इटालियन इमिग्रंट’ हे १९७० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक या दृष्टीने मूलभूत ठरते. मिलानच्या अनाथालयात सोडलेली, लोंबार्दीतील कुज्जोनो गावी मानलेल्या आईने वाढवलेली, बालपणीच रेशमाच्या कारखान्यात राबलेली ही मुलगी. तिचे लग्न तिच्या मर्जीविरुद्ध लावून देण्यात आले. नवरा मिसुरी राज्यातील लोखंडाच्या खाणींवर गेला आणि १८८४ साली तान्हे मूल मागे ठेवून तिलाही तेथे जावे लागले. पुढे त्या क्रूर नवऱ्याला सोडून तिने शिकागो गाठले. तेथील ‘शिकागो कॉमन्स’ या सेवासंस्थेत साफसफाई आणि स्वयंपाक करीत असताना १९१८ साली तिची मेरी हॉल एट्स यांच्याशी गाठ पडली. एट्स यांनी तिच्या कथा लिहून घेतल्या. रोझा १९४३ साली निवर्तली. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी पुस्तक निघाले. मुखपृष्ठावर लेखिका म्हणून नाव एट्स यांचे होते. आत रोझाचे आडनाव बदललेले होते आणि गावाचे नावही.

येथे वंशवृक्षाला मूळच नाही. जिचा कुलवृत्तांत सांगायचा ती स्वतः अनाथालयातून आलेली आहे. रक्ताच्या नात्यापेक्षा सांभाळ करणाऱ्या हातांचे नाते या कथनात निर्णायक ठरते, आणि पुढे तीच रोझा आपले मूल त्याच मानलेल्या आईच्या हाती सोपवून समुद्र ओलांडते. सोपवले जाणे आणि सोपवणे हीच या कुटुंबाच्या इतिहासाची रीत होय. गंमत अशी की तिची कथाही अखेर याच रीतीने दुसऱ्या स्त्रीच्या हाती सोपवली गेली.

एट्स यांनी रोझाचे मोडके इंग्रजी वाचकाच्या सोयीसाठी बरेच सावरून घेतले. त्यामुळे ‘हा रोझाचा खरा आवाज नव्हे’ असा आक्षेप सहज घेता येतो. मराठी समीक्षेने आत्मचरित्र आणि आत्मकथन यांत केलेला भेद आठवला, तर हे पुस्तक दोहोंपैकी कशातच नीट बसत नाही. परंतु या आक्षेपामागे एक भाबडी समजूत आहे. मध्यस्थ दूर सारला की खाली शुद्ध, अघडीव अनुभव सापडेल, असे त्यात गृहीत धरलेले असते. रोझाचे कथन मुळातच घडीव होते. हिवाळ्याच्या रात्री ऊब मिळावी म्हणून गावकरी गोठ्यात जमत आणि तेथे कथा सांगितल्या जात. त्या गोठ्यात तिचा कान तयार झाला होता. शिकागोतही ती कथा सांगणारी म्हणूनच ओळखली जात होती. संवादांची नेमकी पेरणी, चमत्काराच्या प्रसंगी साधलेला विराम, खलप्रवृत्तीच्या माणसाचे ठसठशीत चित्रण ही तिच्या मौखिक कलेची लक्षणे आहेत. एट्स यांच्या इंग्रजीतूनही ती पुसली गेलेली नाहीत. व्याकरण एकीचे असले तरी रचना दुसरीची आहे.

मूल आणण्यासाठी रोझा मायदेशी परतते तो भाग या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. पूर्वी ज्या बड्या लोकांसमोर मान वर होत नसे, त्यांच्याशी ती आता निर्भयपणे बोलते. स्थलांतराने तिला संपत्ती फारशी दिली नाही. बोलण्याचे धैर्य मात्र दिले. कथनाचा अधिकार ही या पुस्तकाची पार्श्वभूमी नसून त्याचा विषय आहे.

लेकरांच्या हातून लिहिलेल्या संहितांत वेगळाच पेच उद्भवतो. मारिओ पुझो यांच्या ‘द फॉर्च्युनेट पिलग्रिम’ (१९६५) मधील लुचिया सांता ही त्यांच्या आईवर बेतलेली आहे. पुढे ‘द गॉडफादर’ (१९६९) मधील टोळीप्रमुखाच्या बोलण्यातही आपल्याला आईचाच आवाज ऐकू येत असे, अशी कबुली पुझो यांनी दिली. आईचा करारी व्यवहारीपणा जगभर पोहोचला, पण पुरुषाच्या मुखातून आणि तिचे नाव गाळून. एट्स यांनी निदान रोझाचे पहिले नाव शीर्षकात राखले होते.

हेलन बारोलिनी यांच्या ‘उम्बेर्तिना’ (१९७९) या कादंबरीला मात्र या पेचाची पूर्ण जाणीव आहे. कालाब्रियातून आलेली उम्बेर्तिना, नात मार्गेरिट आणि पणती टीना यांना तिने स्वतंत्र विभाग दिले. मधल्या पिढीतील मुलीला दिला नाही. अमेरिकन होण्याच्या घाईत जी पिढी भाषा विसरली, तिचे मौन रचनेतच नोंदले गेले. लग्नासाठी विणवून घेतलेली पलंगावरची चादर उम्बेर्तिनाला हलाखीत विकावी लागते. अनेक दशकांनी टीना तीच चादर संग्रहालयात पाहते, पण ती आपल्या पणजीची आहे हे तिला कळत नाही. वस्तू जतन होते आणि नाते हरवते. जतन करणाऱ्या संस्थांवरील याहून मार्मिक टीका विरळाच.

या तीन संहितांतून एक विवेक हाती लागतो. आईचा कुलवृत्तांत मध्यस्थाशिवाय मिळणार नाही. म्हणून मध्यस्थाला नाकारून ‘अस्सल आवाजा’चा शोध घेणे व्यर्थ होय, आणि मध्यस्थालाच कर्ता मानून सांगणारीला आशयद्रव्य ठरवणे अन्यायाचे होय. दोन हातांमधला सांधा कोठे आहे, तो कोणी बुजवला आणि कोणी उघडा ठेवला, हे दाखवणे समीक्षेचे काम आहे. टीनाला चादर ओळखता आली नाही. वाचकाला ती ओळखता येते, कारण कादंबरीने तिचा विक्रीव्यवहार आधीच दाखवलेला असतो.