वास्तुकलेतला कल्पित अंध

प्रकाश कसा काम करतो हे समजावण्यासाठी देकार्तनं 1637 साली एका आंधळ्या माणसाला पुढं केलं. काठीच्या टोकाला लागलेला दगड जसा हाताला कळतो, तशी समोरची वस्तू प्रकाशामुळं डोळ्याला कळते, असा त्याचा युक्तिवाद. त्या माणसाला ना नाव होतं ना गाव, आणि काठीनं त्याला आणखी काय काय कळतं हे कुणी विचारलंही नाही. पुढं तत्त्वज्ञांनी त्याला आपापल्या सोयीनं राबवला. बर्कलीच्या विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या, स्वतः अंध असलेल्या जॉर्जिना क्लीग यांनी या कल्पित अंधाची चांगलीच हजेरी घेतली आहे. वास्तुकलेत तो उशिरा शिरला, पण आला तो त्याच भूमिकेत.

1996 हे वर्ष या दृष्टीनं महत्त्वाचं. फिनलंडच्या युहानी पल्लास्मा यांचं ‘द आइज ऑफ द स्किन’ हे छोटेखानी पुस्तक त्या वर्षी आलं. आधुनिक वास्तुकला डोळ्यांच्या इतकी आहारी गेली आहे की त्वचा, कान, नाक तिच्या हिशेबातच उरले नाहीत, ही त्यांची तक्रार. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या व्हाल्स गावी पीटर झुम्थोर यांचं स्नानगृह पुरं झालं. तिथल्याच खाणीतला दगड, कमी-जास्त ऊन पाणी, घुमणारे आवाज. मग जगभरच्या आर्किटेक्चर कॉलेजांत पल्लास्मा वाचले जाऊ लागले आणि व्हाल्सचे फोटो भिंतींवर लागले. हो, फोटोच! कान-त्वचेची ही वास्तू जगाला कळली ती डोळ्यांनी. या परंपरेला कमी लेखायचं कारण नाही. पण तिचा नायक पहिल्यापासून डोळस आहे. त्याला त्याच्याच विसरलेल्या इंद्रियांची आठवण करून द्यायची, एवढंच अंधत्वाचं तिथं काम.

अंधांसाठी म्हणून बांधलेल्या वास्तूंची गोष्ट थोडी वेगळी. मेक्सिको सिटीच्या इस्तापालापा भागात मौरिसिओ रोचा यांनी 2001च्या सुमारास केलेलं केंद्र घ्या. बाहेरून उंच भिंत, आत वाहत्या पाण्याचा पाट, सुगंधी झाडं, हाताच्या उंचीवर काँक्रीटमध्ये कोरलेल्या रेषा. ग्लासगोच्या हेझलवुड शाळेत (2007) ॲलन डनलॉप यांनी मुलांना हात लावून चालता यावं म्हणून बुचाच्या सालीची वळणदार भिंत इमारतभर फिरवली. आपल्या शेजारी, गांधीनगरमधल्या अंध मुलांच्या शाळेत अहमदाबादच्या सीलॅब या संस्थेनं खर्चिक साहित्य टाळून हेच साधलं. बाजू बदलली की भिंतीच्या गिलाव्याचा पोत बदलतो, आणि वर्गाच्या दाराशी गुळगुळीत कोटा फरशी खडबडीत होते. मला यांतली गांधीनगरची शाळा सर्वांत पटते. गवंड्याच्या थापीलाच तिथं पाटीचं काम दिलं आहे.

सुगंधी बागेबद्दल मात्र माझ्या मनात अढी आहे. अंधांची इमारत म्हटली की मोगरा लावायचा, हे आता रिवाजच झालं आहे. दरवळ वाऱ्यावर जातो, ऋतूबरोबर सरतो. दार कुठं आहे हे तो नेमकं सांगेलच असं नाही. ती बाग बहुतेकदा उद्घाटनाला आलेल्या डोळस पाहुण्यांसाठी असते.

खरी उलथापालथ झाली ती अंध माणूस ड्रॉइंगच्या टेबलाशी बसला तेव्हा. सॅन फ्रान्सिस्कोजवळ काम करणारे ख्रिस डाउनी यांची दृष्टी 2008 मध्ये मेंदूतल्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर गेली. महिनाभरात ते कामावर परतले. नकाशे ते उठावाच्या छपाईत काढून घेतात, बोटांनी वाचतात आणि सुचलेले बदल मेणाच्या लवचीक काड्या त्यावर चिकटवून दाखवतात. इथं मुद्दा फक्त साधनाचा नाही. डोळा प्लॅन एका झटक्यात, वरून, घारीसारखा पाहतो. त्यामुळंच कागदावर देखण्या दिसणाऱ्या आणि चालताना कुणालाच न जाणवणाऱ्या सममितीवर आपण भाळतो. बोट मात्र दारातून शिरतं, भिंतीला धरून पुढं सरकतं, वळतं, जिन्याशी थांबतं. प्लॅन त्याला क्रमानंच कळतो, आणि इमारतही माणसाला क्रमानंच भेटते. दृष्टीपलीकडचा विचार म्हणतात तो मला पोतांच्या नक्षीपेक्षा या क्रमात दिसतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘लाइटहाउस’ या अंधांच्या संस्थेच्या नव्या जागेत (2016) डाउनी सल्लागार होते. येण्या-जाण्याची वाट टणक, बसायची जागा गालिच्याची. काठीचा टकटकाट बदलला की वाट सुटल्याचं कळतं. बांधकामाआधीच अरुप कंपनीच्या ध्वनितज्ज्ञांकडून काठीचा आवाज नियोजित जागेत कसा उमटेल हे त्यांनी ऐकून घेतलं. कागदावरच्या लॉबीत असं कान देऊन उभे राहणारे आर्किटेक्ट आपल्याकडं किती असतील?

लिस्बनचे कार्लोस मोराँव परेरा यांचीही दृष्टी 2006 मध्ये गेली आणि तेही काम करत राहिले. पण ही नावं पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात, यातच या क्षेत्राची अवस्था आली.

आपल्याकडं सगळी भिस्त पिवळ्या लाद्यांवर. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी घडवलेल्या या लाद्या 1967 मध्ये ओकायामाच्या अंधशाळेजवळ पहिल्यांदा बसल्या. पट्ट्या म्हणजे चाला, ठिपके म्हणजे सावध. साधं, चोख व्याकरण. मुंबई-पुण्याच्या फुटपाथवर हे व्याकरण कोलमडतं. रांग थेट विजेच्या खांबावर किंवा टपरीवर जाऊन आदळते. कुठं ‘सौंदर्यीकरणा’त पिवळ्याची करडी लादी होते आणि ज्यांना अंधुक दिसतं त्यांचा आधार जातो. अंध म्हणवणाऱ्या अनेकांना थोडा उजेड, थोडा रंग दिसत असतो, हे पल्लास्मांच्या भक्तांनी आणि कंत्राटदारांनी सारखंच विसरलेलं.

नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे नियम नुसते शिफारसवजा ठेवता येणार नाहीत, किमान मानकं सक्तीची करा, असं बजावलं. रतुरी स्वतः दृष्टिहीन. त्यांची याचिका 2005ची. निकाल मोलाचाच. पण त्यात अंध माणूस इमारत वापरणारा आहे. तो ती रचणारा व्हायचा तर वाट बहुतेकदा ‘नाटा’ या प्रवेशपरीक्षेतून जाते, आणि तिथं चित्र काढून दाखवावं लागतं. डाउनी आणि परेरा दोघेही डोळस असतानाच आर्किटेक्ट झाले होते. जन्मापासून न पाहिलेल्या मुलीनं उद्या आर्किटेक्चरला जायचं म्हटलं, तर उठावाचे नकाशे आणि मातीचे नमुने घेऊन तिची परीक्षा कशी घ्यायची, हे वास्तुकला परिषदेला आधी ठरवावं लागेल.