अथेन्सचे एफीब आणि भंडाऱ्याचं भरतीचं मैदान

आज वाचायला घेतलेला मजकूर अगदी छोटा आहे. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या 'अथेनियनांची राज्यव्यवस्था' या ग्रंथातलं बेचाळिसावं प्रकरण. छापलं तर पान-दीड पान होईल. अथेन्समधला मुलगा अठरा वर्षांचा झाला की पुढची दोन वर्षं शहर त्याचं काय करतं, एवढंच त्यात सांगितलंय. या मुलांना एफीब म्हणत आणि त्या दोन वर्षांच्या व्यवस्थेला एफीबिया. ग्रंथ ॲरिस्टॉटलने स्वतः लिहिला की त्याच्या एखाद्या शिष्याने, हा वाद जुना आहे. आपल्या आजच्या कामाला त्याने फरक पडत नाही.

हा मजकूर भंडाऱ्यात बसून वाचायला एक कारण आहे. आपल्या जिल्ह्यात पहाटे कुठल्याही रस्त्याने निघा, साकोली घ्या, पवनी घ्या, मोहाडी घ्या, कडेकडेने मुलं धावताना दिसतात. मुलीही दिसतात. कुणाला पोलिसात जायचंय, कुणाला सैन्यात. या मुलांविषयी आपण कौतुकाने बोलतो, शिस्तीचं नाव काढतो, आणि ग्रीसचा विषय निघालाच तर थेट स्पार्टावर जातो. आमच्या मते तिथेच गाडी चुकीच्या फाट्याला वळते.

स्पार्टाविषयी थोडक्यातच बोलू. चोरलेलं कोल्ह्याचं पिल्लू अंगरख्याखाली लपवून, त्याने पोट फाडलं तरी हूं की चूं न करणाऱ्या मुलाची गोष्ट आपण ऐकलेली असते. ती सांगणारा प्लुटार्क हा स्पार्टाच्या भरभराटीनंतर पाचेकशे वर्षांनी झाला. त्याच्या काळात आर्टेमिस देवीच्या वेदीपुढे मुलांना फटके मारण्याचा विधी चालू होता, आणि पुढे रोमन काळात तर तो पाहायला येणाऱ्यांसाठी वेदीभोवती बसायच्या पायऱ्या बांधल्या गेल्या. म्हणजे कठोर शिक्षणाचा तमाशा झाला होता. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. स्पार्टाची शेती हेलट नावाचे गुलाम करत, आणि निवडक तरुणांना खंजीर देऊन रात्री याच हेलटांच्या शिकारीला पाठवलं जाई, असं प्लुटार्कच सांगतो. आपण धानकऱ्यांची माणसं. त्या कथेत आपली जागा कोल्हा लपवणाऱ्या मुलाची नाही, हे एकदा लक्षात घ्या आणि मग कौतुक करा.

आता अथेन्स. इ.स.पूर्व ३३८ मध्ये खायरोनियाच्या लढाईत मॅसिडोनियाच्या फिलिपने अथेन्स आणि थीब्जच्या फौजांचा पराभव केला. त्यानंतर दोन-चार वर्षांतच एफीबियाची नव्याने आखणी झाली. हरलेल्या शहराने तरुणांकडे पाहून केलेली ती व्यवस्था आहे. ग्रंथातलं वर्णन त्याच काळातलं. गंमत म्हणजे हा ग्रंथ कित्येक शतकं हरवलेला होता. इजिप्तमध्ये एका पपायरसवर तो सापडला, तोही एका शेतीच्या जमाखर्चाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेला. १८९१ मध्ये लंडनहून तो छापून निघाला. (आपल्याकडे नागरिकशास्त्र इतिहासाच्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला छापतात, त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.)

प्रकरणाची भाषा पाहा. वर्णन नाही, विशेषणं नाहीत, शौर्याचा एक शब्द नाही. नुसती क्रियापदं. सुरुवात तलवारीने होत नाही, कागदपत्र तपासणीने होते. आईबाप दोघंही नागरिक असलेला मुलगा अठराव्या वर्षी आपल्या डीमसमोर उभा राहतो. डीम म्हणजे गाव किंवा वस्ती, पण नोंदणी, सभा, निर्णय हे सगळं करणारी. गावातले नागरिक शपथ घेऊन मत देतात. मुलगा खरंच अठराचा आहे का? तो स्वतंत्र आहे का, कायद्याप्रमाणे जन्मलेला आहे का? वय कमी वाटलं तर तो परत लहान मुलांत. गावाने कमी वयाचा मुलगा घुसवला असं मध्यवर्ती मंडळाला आढळलं तर दंड गावाला. अधिवास, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर यांच्या फायली घेऊन रांगेत उभं राहिलेल्या आपल्या मुलांना हा भाग कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही.

आणि मग एक वाक्य येतं, ज्यावरून वाचणारा सहज पुढे जातो. मुलगा स्वतंत्र नाही असं गावाने ठरवलं, तो न्यायालयात गेला आणि हरला, तर शहर त्याला विकतं. विकतं म्हणजे गुलाम म्हणून विकतं. थोडं पुढे, दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, सगळे नागरिक नाट्यगृहात जमतात, मुलं कवायत करून दाखवतात आणि शहराकडून ढाल आणि भाला घेतात. ढाल देणारं शहर आणि मुलगा विकणारं शहर एकच. लेखकाचा सूर दोन्हीकडे सारखाच सपाट. या ग्रंथाची ताकदही यात आहे आणि त्याचा दोषही. व्यवस्था कशी चालते हे तो इतक्या शांतपणे सांगतो की ती कुणाच्या अंगावरून चालली हे त्याला दिसतच नाही. मुलींचा तर प्रश्नच नाही. पिढ्यान्‌पिढ्या अथेन्समध्ये राहणाऱ्या परक्यांचाही नाही. गरिबांची मुलं या प्रशिक्षणात होती की नाही, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

तरीही मधला तपशील सोडू नका. मुलांवर देखरेख करणारी माणसं कशी निवडायची? मुलांचे बाप एकत्र येऊन, शपथ घेऊन, आपल्या गणातली चाळिशी ओलांडलेली तीन माणसं सुचवतात. त्यांतून एकाला लोकसभा निवडते. त्याचं पदनाव ग्रीक भाषेत संयम या शब्दावरून आलेलं आहे. जोर, दरारा यांच्याशी त्याचा संबंध नाही. भत्ता किती? मुलाला रोज चार ओबोल, देखरेख करणाऱ्याला एक द्राख्मा, म्हणजे सहा ओबोल. दीडपट, बस. मुलांचे पैसेही त्याच्याच हाती दिले जातात आणि तो सगळ्यांसाठी एकत्र बाजार करतो, कारण प्रत्येक गण एका पंगतीला जेवतो. पहिलं वर्ष बंदरावर पहारा आणि शस्त्रशिक्षण, दुसरं वर्ष सरहद्दीवरच्या चौक्यांत. कर माफ. कोर्टकचेरी बंद, वारसाहक्कासारखे मोजके खटले सोडून. आणि दोन वर्षं संपली की प्रकरणही संपतं. शेवट इतकाच, की यानंतर ते इतरांसारखे इतरांत मिसळतात. आमच्या मते सगळ्या प्रकरणाचं वजन या शेवटावर आहे. 'इतर' म्हणजे लोकसभेत बसणारे, मत देणारे, तिशीनंतर न्यायमंडळात बसणारे. तिथे परत येण्यासाठी ही दोन वर्षं होती.

म्हणजे क्रम असा: आधी नागरिकत्व सिद्ध, मग शस्त्र, मग सभेत जागा. हा क्रम आपल्या महाराष्ट्रात एका समाजाच्या बाबतीत नेमका उलटा घडला. महार सैनिक ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून फौजेत होते. शस्त्र हाती होतं, गावात मात्र पाणवठ्यावर हक्क नव्हता. छावणीत शाळा होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी अशाच लष्करी शाळेत शिकवत. बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला, साल १८९१, म्हणजे आपला हा ग्रंथ छापून निघाला तेच. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही, पण लक्षात राहतो. त्यानंतर लवकरच महारांची सैन्यभरती बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकाने अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात एक पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर मोडली. शेवटी १९४१ मध्ये महार रेजिमेंट. नुसत्या नोकऱ्यांच्या हिशेबाने पाहिलं तर ही मागणी छोटी वाटते. पण छावणीत मिळालेली अक्षरओळख आणि ताठ उभं राहायची सवय गावात परत आली की प्रश्न विचारते. नागरिकत्व द्यायला समाज तयार नव्हता, तेव्हा या लोकांनी शस्त्राच्या बाजूने त्याच्याकडे वाट काढली. हेच बाबासाहेब १९५४ मध्ये आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले, हेही इथे बोलताना विसरून चालणार नाही.

आता मैदानावर येऊ. पोलीस शिपाई भरतीत शारीरिक चाचणी ५० गुणांची: मुलांना १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे, गोळाफेक. लेखी परीक्षा १०० गुणांची: अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण. २०२४ च्या भरतीत राज्यभरात १७ हजारांवर जागा होत्या आणि अर्ज १७ लाखांवर. म्हणजे शंभरात एक. अथेन्सची व्यवस्था शिक्षणाची होती, आपली चाळणीची आहे. चाळणी असणं हा गुन्हा नव्हे. पोलीस दलाला माणसं निवडावीच लागतात. पण मग तिला तरुणांचं शिक्षण म्हणू नये. शिक्षण झालंच असेल तर ते मुलाने स्वतःच्या खर्चाने केलंय. बूट त्याचे, खोलीभाडं त्याचं, अकादमीची फी बापाने धान विकून भरलेली. जवाहरनगरला देशासाठी दारूगोळा तयार होतो त्याच जिल्ह्यात धावायला सपाट ट्रॅक नसतो म्हणून पोरं डांबरी रस्त्यावर गुडघे झिजवतात. चार ओबोल कुणी देत नाही.

त्या लेखी परीक्षेत राज्यघटना असते. कलम कितवं, परिशिष्ट कितवं, राज्यसभेचं किमान वय किती, चार पर्यायांतून एक. पोरांना ही कलमं धडाधड पाठ असतात, आमच्यापेक्षा जास्त. पण घटना त्यांना शत्रूपक्षाच्या मैदानासारखी भेटते, जिथे एक पाय चुकला तर गुण गेला. एफीबांची शपथ अखार्नाय गावात एका शिळेवर कोरलेली सापडली आहे, ती याच्या शेजारी ठेवून पाहा. शेजारच्या सैनिकाला सोडणार नाही, देश मिळाला त्यापेक्षा लहान करून पुढे देणार नाही, हे त्यात आहेच. पण सत्ताधाऱ्यांचं ऐकेन, असं म्हणताना ती एक अट घालते: ते विवेकाने राज्य करत असतील तर. आणि कुणी कायदे मोडीत काढू लागला तर एकट्याने आणि सगळ्यांसोबत ते होऊ देणार नाही, असंही वदवून घेते. अठरा वर्षांच्या पोराकडून! देवांबरोबरच साक्षीला देशाच्या सीमा, गहू, जव, द्राक्षवेली, ऑलिव्ह आणि अंजिरं. आपल्या मुलांनी असं काही म्हटलं असतं तर साक्षीला धानाच्या बांध्या आणि मामा तलाव आले असते.

अग्निपथ योजनेचा उल्लेख टाळता येणार नाही, कारण दिसायला ती एफीबियाच्या सगळ्यात जवळ आहे. २०२२ मध्ये ती आली. साडेसतरा वर्षांपासून प्रवेश, चार वर्षं सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम, बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी घेऊन परत. शिस्त लागलेले तरुण समाजात परत येतील, असा युक्तिवाद तेव्हा केला गेला. युक्तिवाद अगदी अथेनियन आहे. फरक परतीच्या जागेचा. एफीब ज्या सभेत परत जाई तिथे त्याची वाट पाहिली जात असे. आपला पंचविशीच्या आतला माजी अग्निवीर पुन्हा एका रांगेत, पुन्हा एका चाचणीसाठी उभा राहील. सेवानिधीचा आकडा कमी की जास्त यावर वाद घालता येईल, पण योजनेची खरी परीक्षा ही दुसरी गोष्ट आहे, आणि तिच्यावर फार कमी बोललं गेलं.

एफीबियाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर आम्ही अथेन्सची आरती केली असं होईल. काही दशकांत ती ऐच्छिक झाली, मुलांची संख्या घसरली. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकापर्यंत ती सधन घरच्या मुलांचं वर्षभराचं विद्यालय बनली. परदेशी मुलंही येऊ लागली. त्या काळच्या शिलालेखांत एफीबांचं कौतुक केलंय ते तत्त्वज्ञांच्या व्याख्यानांना नेमाने हजर राहिल्याबद्दल. आपल्यासारख्या मालिका चालवणाऱ्यांना ही बाब सुखावणारी वाटेल, पण जरा जपून. व्याख्यानं वाढली तोवर सभेची सत्ता गेलेली होती. एक प्रथा मात्र चांगली पडली. बाहेर पडणारी तुकडी प्रशिक्षणशाळेच्या ग्रंथालयाला शंभर पुस्तकं देई. भंडारा, तुमसर, साकोलीच्या अभ्यासिकांत भरती झालेली पोरं जाताना आपली जुनी मार्गदर्शकं मागच्यांसाठी ठेवून जातात, हे त्याच जातीचं आहे.

मग आपल्याकडे डीम कुठे आहे? आमच्या मते ती आहेच, आपण तिच्याकडे त्या नजरेने पाहत नाही. गावात अठरा पूर्ण झालेला मुलगा किंवा मुलगी मतदार यादीत आली की ग्रामसभेची सदस्य होते. निवडून यावं लागत नाही, धावावं लागत नाही, शंभरात एक वगैरे काही नाही. होतं काय, तर नमुना ६ भरला जातो, ओळखपत्र घरी येतं आणि विषय संपतो. ग्रामसभेत त्या वर्षी नव्याने आलेल्यांची नावं कुणी वाचत नाही. लाखांदूर तालुक्यातलं एखादं गाव घ्या. वर्षाला पंधरा-वीस नावं असतील. १५ ऑगस्टच्या सभेत ती वाचायला, त्या पोरापोरींना उभं करायला, गावच्या तलावाचा किंवा पाणीपट्टीचा हिशेब त्यांच्या हाती द्यायला अर्धा तास पुरेल. त्यासाठी शासन निर्णय लागत नाही, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याने मनावर घेतलं तरी होतं. भरतीत निवड झाली नाही अशी मुलंही त्यांत असतील, आणि तिथे त्यांना कुणी नापास म्हणणार नाही.

प्रास्ताविक लांबलं, वेळही होत आलाय. हेलटांविषयी आणि अग्निपथविषयी काही प्रश्न आधीच लिहून आले आहेत. ते आता एकेक करून घेऊ.